मँगनीज धातू आणि शेतीची अवजारे

नागपूर व भंडारा या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस मँगनीज हे नाव नवे नाही. रामटेकनजीकच्या मनसर व कांद्री, खाप्याजवळील गुमगाव, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून निघणारा जड, काळा दगड त्यांनी मालगाड्यांतून जाताना पाहिलेला असतो. इ. स. १९०० च्या सुमारास या भागात खाणकामास प्रारंभ झाला आणि पुढे कित्येक वर्षे हा दगड मुंबई बंदरातून परदेशी रवाना होत असे. परंतु या दगडाचे पुढे काय होते व त्याचा शेतीशी काही संबंध आहे काय, याची माहिती खाणीलगतच्या गावांतूनही थोड्यांनाच असते. वास्तविक ज्याच्या घरी पोलादी फाळ, विळा किंवा साधी पहार आहे, त्याच्या घरी मँगनीज आहेच. कारण मँगनीजाचा काही अंश घातल्यावाचून आज कोठलेही नेहमीचे पोलाद तयार होत नाही. जगात जेवढे मँगनीज खणून काढले जाते, त्यातील सुमारे नऊ-दशांश पोलादाच्या कामीच खर्ची पडते.

या धातूचे गुणधर्म समजून घेण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. अलीकडे भंगार बाजारात 'मँगनीज पोलाद' या नावाने अनेक प्रकारचे तुकडे विकावयास येतात व ते फाळासाठी अथवा वखराच्या पाशीसाठी उत्तम असतात, असे सांगितले जाते. हे विधान काही तुकड्यांच्या बाबतीत खरे असून काहींच्या बाबतीत पूर्णतः चुकीचे आहे. दोहोंतील भेद ओळखणे अवघड नाही. त्यासाठी एक लहानसा लोहचुंबक पुरतो.

धातूचे स्वरूप

मँगनीज हा करड्या-पांढऱ्या रंगाचा, लोखंडासारखा दिसणारा धातू आहे. स्वीडन देशातील शेले या रसायनशास्त्रज्ञाने यात एक नवे मूलद्रव्य असल्याचे ओळखले आणि त्याचा सहकारी गान याने १७७४ साली ते प्रथम वेगळे केले. याचा अणुक्रमांक २५ असून लोखंडाचा २६ आहे. म्हणजे मूलद्रव्यांच्या कोष्टकात हे दोघे शेजारी होत. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, तर मँगनीज १२४६ अंशांना. मँगनीज कठीण आहे, पण विलक्षण ठिसूळ आहे. नुसत्या मँगनीजाची कोणतीही वस्तू घडविता येत नाही. घणाचा घाव बसताच तिचे तुकडे होतील. जो धातू स्वतः इतका ठिसूळ, तो दुसऱ्यास चिवटपणा देतो, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल.

निसर्गात हा धातू शुद्ध रूपात आढळत नाही. प्राणवायूशी संयोग पावलेल्या काळ्या खनिजांच्या रूपाने तो सापडतो. विदर्भ व बालाघाट भागातील या खनिजांचा विस्तृत अभ्यास भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी केला व त्यांचा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. येथील मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकारास त्यांनी या प्रदेशातील गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले व ते जगभर रूढ झाले आहे. या पट्ट्यातील खाणी चालविण्यासाठी १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपुरास असून आता ती 'मॉइल' या नावाने ओळखली जाते. खनिजापासून विद्युत्‌भट्टीत लोखंड व मँगनीज यांचा मिश्रधातू बनवितात; त्यात साधारणतः तीन-चतुर्थांश मँगनीज असते. हाच मिश्रधातू पुढे पोलादाच्या रसात घालतात. असे कार्य करणारा एक कारखाना आपल्याकडे चंद्रपूर येथे आहे.

पोलादात मँगनीज कशासाठी घालतात?

जुन्या लोहारांस एक अनुभव ठाऊक असतो. काही लोखंड थंड असता चांगले दिसते, परंतु भट्टीतून तांबडेलाल काढून ऐरणीवर ठेवले की पहिल्या दोन घावांतच तडकते. याचे कारण त्यातील गंधक होय. गंधक लोखंडाशी मिळून जे द्रव्य बनते, ते पोलादाच्या कणांमध्ये पातळ पापुद्र्यासारखे पसरते व पोलाद तांबडे होण्याइतके तापले की स्वतः वितळते. भिंतीच्या विटा शाबूत राहाव्यात पण मधली माती विरघळून जावी, तशी अवस्था होते. मँगनीज घातल्यास गंधक लोखंडास सोडून मँगनीजाशी संयोग पावते. या नव्या द्रव्यास वितळण्यासाठी फार अधिक उष्णता लागते व ते पापुद्र्याऐवजी सुट्या कणांच्या रूपात राहते. त्यामुळे पोलाद निर्धास्तपणे घडविता येते.

या गुणामुळेच पोलादाचे युग सुरू होऊ शकले, असे म्हणण्यास हरकत नाही. हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाने १८५६ साली वितळलेल्या बिडातून हवेचा झोत सोडून स्वस्त पोलाद करण्याची रीत जाहीर केली. परंतु ज्यांनी ती रीत विकत घेतली, त्यांचे पोलाद ठिसूळ निघू लागले व मोठा गहजब झाला. रॉबर्ट मशेट याने त्या रसात मँगनीजयुक्त बीड मिसळून दाखविले, तेव्हा पोलाद सुधारले. रसात उरलेला अनावश्यक प्राणवायू ओढून घेणे व गंधक बांधून टाकणे, ही दोन्ही कामे मँगनीजाने केली होती. सर्व श्रेय व पैसा बेसेमरला मिळाला आणि मशेटचे नाव मागे पडले, हा भाग निराळा.

मँगनीजाचे तिसरे काम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. साध्या पोलादास तापवून पाण्यात बुडविले असता केवळ वरचा थर कडक होतो. जाड तुकड्याचा गाभा मऊच राहतो. मँगनीज असल्यास हा कडकपणा आत खोलवर पोहोचतो. इमारतीच्या व नेहमीच्या मृदू पोलादात ते शंभरात एका भागाहूनही कमी असते. कमानींच्या पोलादात ते एका टक्क्याच्या आसपास असते. आणि एका विशिष्ट पोलादात मात्र ते बारा-तेरा टक्के असते. बाजारातील घोटाळा नेमका येथेच होतो. कारण यांतील शेवटच्या दोन्ही प्रकारांस लोक 'मँगनीज पोलाद' म्हणतात.

कमानपाट्याचे पोलाद

मालमोटारीच्या अथवा जीपच्या कमानीचे जुने पाटे गावोगावचे लोहार आवडीने वापरतात व त्यांची ही निवड शास्त्रास धरून आहे. या पाट्यांच्या प्रचलित जातीत साधारणतः अर्धा ते पाऊण टक्का कार्बन, दीड ते दोन टक्के सिलिकॉन आणि पाऊण ते एक टक्का मँगनीज असते. असे पोलाद कडक होते, धार धरते व वाकविले असता मोडण्याऐवजी परत येते. विळे, कोयते, कुऱ्हाडी, खुरपी, वखराची पास, नांगराच्या फाळाचे टोक या सर्वांस ते उपयुक्त आहे.

तथापि पाटा चांगला असूनही अवजार वाईट निघते, ते पाणी देण्यातील चुकीमुळे. याबाबत तीन गोष्टी लोहारांच्या ध्यानी आणून द्याव्यात. पहिली, तापमानाची. पोलाद सुमारे ७७० अंशांच्या वर गेले की त्यास लोहचुंबक चिकटेनासा होतो. तारेस बांधलेला चुंबक तापलेल्या तुकड्यास क्षणभर लावून पाहावा; तो ओढला जात नाही असे दिसल्यावर आणखी थोडी उष्णता द्यावी व मग बुडवावे. पिवळाधमक होईपर्यंत तापविल्यास कण मोठे होऊन पोलाद ठिसूळ बनते. रंगाचा अंदाज घ्यावयाचा असल्यास काम सावलीत करावे, कारण उन्हात लाल रंग फिका दिसतो व तुकडा हटकून जास्त तापतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हे पोलाद थंड पाण्यात न बुडविता तेलात बुडवावे. मँगनीजामुळे ते तेलाच्या संथ थंडाव्यातही पुरेसे कडक होते. पाण्याच्या एकदम थंडाव्याने त्यास तडा जाण्याचा संभव असतो. हा तडा पुष्कळदा केसासारखा बारीक असतो व अवजार शेतात गेल्यावरच उघडकीस येतो. तेल पेट घेऊ शकते, म्हणून भांडे धातूचे व झाकण्याजोगे असावे.

तिसरी गोष्ट, जी सर्वांत अधिक वेळा टाळली जाते, ती पुन्हा मंद तापविण्याची. नुकतेच बुडविलेले पोलाद काचेसारखे असते. त्याचा एक भाग घासून उजळ करावा व मंद आचेवर धरावा. उजळ भागावर प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटी निळा रंग उमटतो. विळ्यासारख्या केवळ कापणाऱ्या अवजारास पिवळसर तपकिरी रंगावर थांबावे. कुऱ्हाड, फाळ, पास अशा धक्का सोसणाऱ्या अवजारांस निळ्या रंगापर्यंत, म्हणजे सुमारे ३०० अंशांपर्यंत न्यावे. या कामास दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती वाचविल्यास पेरणीच्या ऐन घाईत फाळाचे टोक उडते आणि मग अर्धा दिवस जातो.

घाव खाऊन कडक होणारे पोलाद

शेफील्ड येथील रॉबर्ट हॅडफील्ड याने १८८२ साली पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिले. त्यापूर्वी दोन-चार टक्क्यांहून अधिक मँगनीज घातले की पोलाद निकामी होते, अशी समजूत होती व तेवढ्या प्रमाणापुरती ती खरीही होती. परंतु प्रमाण त्याही पलीकडे नेल्यावर हॅडफील्डला एक अपूर्व द्रव्य हाती लागले. त्यात कार्बन एक टक्क्याहून थोडा अधिक असतो. हे पोलाद हजार अंशांच्या वर तापवून पाण्यात बुडविले की कडक होण्याऐवजी उलट मऊ व चिवट होते. ते गंजते, परंतु चुंबकास ओढले जात नाही. आणि त्यावर जोराचे घाव बसू लागले की घाव बसेल तेथील पृष्ठभाग कडक होत जातो. आतला गाभा मात्र चिवटच राहतो. कठिनता मोजण्याच्या ब्रिनेल मापाने आरंभी सुमारे २०० असलेला आकडा घाव खाल्लेल्या थरात ५०० पर्यंत चढतो. वरचा थर झिजला की खालचा थर घाव खाऊन पुन्हा कडक होतो.

रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांस छेदतात ते सांधे, खडी फोडणाऱ्या यंत्राचे जबडे, मोठ्या उत्खनन यंत्रांच्या बादल्यांचे दात, यांसाठी हे पोलाद वापरतात. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणे याचीच होती. तिजोऱ्यांसाठीही ते वापरले गेले, कारण छिद्र पाडू पाहणाऱ्या गिरमिटाच्या दाबानेच ते अधिक कडक होत जाते.

एवढे गुण ऐकल्यावर फाळासाठी याहून चांगले काय, असे कोणासही वाटेल. प्रस्तुत लेखकास खडीच्या खाणींलगतच्या एका गावी असे वाटलेले शेतकरी भेटले. खडीयंत्राच्या जुन्या जबड्याचे तुकडे त्यांनी विळ्याच्या पाट्याहून दुप्पट भावाने घेतले होते. लोहाराने ते तापवून ठोकले, फाळ बनविले व हवेतच निवू दिले. दोन फाळ पहिल्याच नांगरटीत खापरासारखे फुटले. लोहाराच्या हातास दोष देण्यात आला. वास्तविक दोष त्याचा नव्हता. हे पोलाद तापवून सावकाश निवू दिले असता त्यातील कार्बन मँगनीज व लोखंडाशी मिळून कणांच्या सीमांवर ठिसूळ जाळी तयार करतो व सर्व चिवटपणा नाहीसा होतो. हजार अंशांच्या वर सर्वत्र सारखे तापविणे व लगेच भरपूर पाण्यात बुडविणे गावच्या भात्यावर सहसा साधत नाही.

समजा, ते साधले, तरी फाळ टिकाऊ होत नाही. फाळ झिजतो तो घावाने नव्हे, घासण्याने. मातीतील वाळूचे कण त्यावर सतत हलके ओरखडे काढीत असतात. खडकाळ रानात अधूनमधून दगडाचा ठोका बसतो खरा, परंतु खडीयंत्रातील माराच्या तुलनेने तो काहीच नव्हे. घाव नाहीत, म्हणून पृष्ठभाग कडक होत नाही. आणि कडक न झालेले हे पोलाद नीट पाणी दिलेल्या कमानपाट्याहून निम्म्यापेक्षाही कमी कठीण असते. म्हणजे अधिक पैसे देऊन मऊ फाळ घेतल्यासारखे होते. कारखान्यांतूनही फाळ व रोटाव्हेटरची पाती यांसाठी कमानीच्या जातीचे किंवा बोरॉनयुक्त पोलाद पसंत करतात, त्याचे कारण हेच.

तेव्हा भंगार घेताना चुंबक जवळ ठेवावा. तुकड्यास तो घट्ट चिकटला तर ते बारा-तेरा टक्के मँगनीजाचे पोलाद नव्हे. चिकटला नाही आणि तुकड्यावर तांबूस गंज आहे, तर बहुधा तेच होय. अवजारासाठी ते घेऊ नये. स्टेनलेस पोलादाच्या काही जातींनाही चुंबक चिकटत नाही, परंतु त्यांवर असा गंज चढत नाही. चुंबक चिकटला म्हणजे पोलाद चांगलेच, असे मात्र समजू नये. मृदू पोलादासही तो चिकटतो. त्यासाठी बोटभर पट्टी तापवून पाण्यात बुडवावी व कानस फिरवून पाहावी. कानस घसरली तर पाणी धरणारे पोलाद, रुतली तर मृदू.

ज्या गावी जोडकाम करणारे कारागीर खडीयंत्राचे जबडे भरून देतात, तेथे एक सूचना आवश्यक आहे. मँगनीजाचा धूर व धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेस अपाय होतो. चालणे अडखळते, हातांस कंप सुटतो. गिरणी कामगारांत असा विकार १८३७ सालीच स्कॉटलंडमध्ये नोंदविला गेला होता. असे काम बंद खोलीत न करता उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूस उभे राहून करावे.

पोलादाव्यतिरिक्त या धातूचे उपयोग थोडे असले तरी परिचयाचे आहेत. विजेरीच्या साध्या सेलमधील काळी भुकटी मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची असते. डोंगरी बुजुर्ग येथील खनिज याच कामी प्रसिद्ध आहे. पूर्वी पटकीच्या साथीत विहिरींत टाकीत असलेले जांभळे औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, हेही मँगनीजाचेच. आता त्याची जागा ब्लीचिंग पावडरने घेतली आहे.

जमिनीतील मँगनीज

हाच धातू पिकांसही लागतो, पण अत्यंत अल्प. पानांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू मोकळा होतो, ते कार्य मँगनीजाच्या चार अणूंच्या एका जुळणीमुळे घडते. तो कमी पडल्यास कोवळ्या व मधल्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळट होतो; ओटसारख्या पिकांत करडे ठिपके येतात. लोहाच्या कमतरतेची लक्षणेही पुष्कळशी अशीच असतात, परंतु ती अगदी शेंड्याच्या पानांवर प्रथम व अधिक ठळक दिसतात. केवळ नजरेने दोहोंचा निर्णय करणे अनुभवी माणसासही जड जाते.

खाणींच्या पट्ट्यात काही शेतकरी खनिजाची बारीक भुकटी शेतात टाकावी काय, असे विचारतात. टाकू नये. ती भुकटी पाण्यात विरघळत नाही व मुळांस तिचा उपयोग होत नाही. जमिनीत एकूण मँगनीज बहुधा भरपूरच असते. प्रश्न असतो तो ते मुळांस मिळण्याचा. चुनखडीयुक्त, अधिक सामू असलेल्या जमिनीत ते अविद्राव्य रूपात अडकून पडते. भातखाचरात पाणी साचले असता तेच विद्राव्य होते. पंजाबातील रेताड जमिनीत भातामागून गहू घेण्याची पद्धत रूढ झाल्यावर गव्हात याची कमतरता ठळकपणे दिसू लागली, कारण भाताच्या वेळी विद्राव्य झालेले मँगनीज पाण्याबरोबर खोल निघून जात होते. कोकणातील आम्ल जमिनीत याच्या उलट भीती असते. निचरा वाईट असल्यास मँगनीज प्रमाणाबाहेर वाढून पिकास अपाय करू शकते व तेथे चुना देणे हाच उपाय ठरतो.

२०१५ साली सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिका योजनेत तपासल्या जाणाऱ्या बारा बाबींत मँगनीजाचा समावेश आहे. डीटीपीए पद्धतीने केलेल्या तपासणीत दर किलो मातीत २ मिलिग्रॅमहून कमी मँगनीज आढळल्यास ते कमी समजतात. असे असेल व पिकावर लक्षणेही दिसत असतील, तर प्रथम चार-सहा ओळींवर फवारणी करून पाहावी. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम मँगनीज सल्फेट विरघळवावे, निराळ्या भांड्यात २५ ग्रॅम कळीचा चुना भिजवून त्याची गाळलेली निवळी त्यात मिसळावी व आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा फवारावे. चुनखडीच्या जमिनीत मँगनीज सल्फेट मातीत टाकल्यास ते लवकरच अडकून पडते, म्हणून फवारणीच अधिक फलदायी होते. आठ-दहा दिवसांत त्या ओळींची नवी पाने शेजारच्या ओळींहून हिरवी दिसली, तरच सर्व शेतावर खर्च करावा. पत्रिकेतील आकडा २ च्या वर असूनही पाने पिवळी राहत असल्यास त्याच पत्रिकेतील लोह व जस्त यांचे आकडे पाहावेत आणि शेतात पाणी तुंबते काय, हे एकदा पावसानंतर जाऊन बघावे.